चक्र फिरतंय, पण काम होतंय का?

काशीत दूधविनायकाच्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. समजा, अशाच एका घरात आजोबांची हस्तलिखित पोथी सापडली. तुम्ही 200 पानांचे फोटो काढून, पीडीएफ करून देणाऱ्या वेबसाइटवर चढवले. पडद्यावर नुसतं चक्र गरगरू लागलं. पाच मिनिटं झाली. आता काय कराल? बहुतेक जण पुन्हा बटण दाबतात. मग तेच काम सर्व्हरवर दोनदा सुरू होऊ शकतं, आणि सेवा पैसे भरून घ्यायची असेल तर पैसेही दोनदा जाण्याची धास्ती.

यात तुमचा उतावळेपणा नाही. काम किती टक्के झालं हे दिसलेलं लोकांना आवडतं, हे ब्रॅड मायर्स या संशोधकाने 1985 मध्येच मांडलं होतं.

नीट बांधलेली वेबसाइट काम रांगेत लावते आणि लगेच एक क्रमांक देते. मग ब्राउझर दर काही सेकंदांनी विचारतो, ‘कुठवर आलं?’ सर्व्हर सांगतो, ‘200 पैकी 84 पानं.’ आकडा मात्र खरा हवा. 99 टक्क्यांवर अडून बसणारी पट्टी मला त्या चक्राहून वाईट वाटते! वेळेचा अंदाजच नसेल, तर ‘पानं सरळ करतोय’, ‘पीडीएफ तयार होतेय’ एवढं दिसलं तरी जीव भांड्यात पडतो.

घरात कुणी वेबसाइट बनवत असेल, तर त्यांना सांगा, पान बंद केलं तरी काम चालू राहू द्या आणि झालं की ईमेल पाठवा. तुम्ही तो क्रमांक वहीत टिपून ठेवा आणि खुशाल चहा टाका.