संगणकावरील प्रशिक्षण : फलित कसे मोजावे?

कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आज अनेक ठिकाणी संगणकावर होते. पाठ संपताच पडद्यावर प्रमाणपत्र झळकते. पण त्यामुळे काम सुधारले असे आपण म्हणू शकतो का?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रतिक्रिया, ज्ञान, वर्तन आणि परिणाम. रुग्णालयातील हात धुण्याच्या पाठाचे उदाहरण आपण घेऊ. परिचारिकांना पाठ आवडला का, ही पहिली पायरी. त्यांना नवे काय समजले, ही दुसरी. त्यासाठी पाठापूर्वी व पाठानंतर अशा दोन चाचण्या हव्यात. काही आठवड्यांनी रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी त्या खरोखर हात धुतात का, ही तिसरी. कक्षातील जंतुसंसर्ग घटला का, ही चौथी. संसर्ग इतर कारणांनीही घटू शकतो. म्हणून प्रशिक्षण न झालेल्या कक्षाशी तुलना करणे इष्ट.

पहिल्या दोन पायऱ्यांची नोंद संगणक सहज ठेवतो. म्हणून बहुधा आपण तेथेच थांबतो. पुढील दोन पायऱ्यांसाठी मात्र प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन निरीक्षण करावे लागते. रुग्णाचे रक्षण गुणपत्रिकेने होत नाही, धुतलेल्या हातांनी होते.