म्हाताऱ्या जनावराचें सुखदुःख कसें ओळखावें?

बैल साधारणपणें तिसऱ्या-चवथ्या वर्षीं जुवाखालीं येतो आणि दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत चांगलें काम देतो. पुढें त्याचे दांत झिजतात, चाल मंदावते, आऊत ओढवेनासें होतें; परंतु आयुष्य कांहीं तेथें संपत नाहीं. नीट पोसलेला बैल त्यानंतरही कित्येक वर्षें जगतो. घरच्या कुत्र्याचेंही तसेंच. बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या कांठच्या काळ्या रानापासून मेहकर-लोणारच्या पठारापर्यंत अशीं थकलेलीं जनावरें अनेकांच्या दारीं दिसतात. ज्याची खांदशेकणी दरवर्षीं मनोभावें केली, त्या बैलाचे उरलेले दिवस सुखाचे आहेत कीं नुसत्या यातनांचे आहेत, हें धन्यानें ओळखावें कसें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

जनावराला बोलतां येत नाहीं ही अडचण खरीच; पण त्याहून मोठी अडचण अशी कीं तें आपलें दुखणें लपवितें. गाय, बैल, शेळी हीं मूळचीं कळपांत राहणारीं व श्वापदांचें भक्ष्य होणारीं जनावरें. कळपांत जें लंगडलें तें आधीं सांपडलें, हा रानाचा न्याय. म्हणून वेदना होत असतांही उभें राहण्याची व चार घास खाण्याची त्यांची प्रवृत्ति असते. कण्हत नाहीं म्हणजे दुखत नाहीं, असा समज धन्यानें करून घेऊं नये.

पहिली गोष्ट ही कीं, वय आणि रोग यांचा घोटाळा होऊं देऊं नये. वय हा रोग नव्हे. "आतां तो म्हातारा झाला" या एका वाक्याखालीं पुष्कळ बरीं होण्यासारखीं दुखणीं झांकलीं जातात. समजा, मोताळ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा बैल वाळत चालला आहे. दाढा झिजल्यामुळें कडबा चावला जात नसेल, तर त्याची कुट्टी करून, भिजवून दिल्यानें तो पुन्हां अंग धरूं शकेल. तो लंगडत असेल, तर खूर वाढलेले आहेत काय तें पाहावें. तो डोकें झटकीत असेल, एकच शिंग झाडाला घाशीत असेल, मान एका बाजूस कलती धरीत असेल, किंवा त्याच बाजूच्या नाकपुडींतून रक्त येत असेल, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. हा रोग आपल्या देशांतील बैलांत विशेष आढळतो. लवकर ओळखला तर जागा बधिर करून शिंग मुळापासून काढतात व जनावर वांचतें. उशीर झाला म्हणजे मात्र उपाय उरत नाहीं.

औषधांच्या बाबतींत घरगुती धाडस करूं नये. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक ठरते. अंगदुखीवरची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडांस इजा करते. गुरांना देण्यांत येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळें मेलेलीं गुरें खाऊन देशांतील गिधाडें फार मोठ्या संख्येनें नष्ट झालीं, म्हणून २००६ सालीं पशूंसाठीं त्याची मनाई झाली. त्याऐवजीं गिधाडांना निर्धोक असें मेलॉक्सिकॅम पशुवैद्य देतात.

उपचार करूनही दुखणें हटत नसेल, तर रोजच्या निरीक्षणास लागावें. गुरांत पहिली खूण रवंथाची. निरोगी गाय किंवा बैल दिवसरात्र मिळून सात-आठ तास रवंथ करतो. रवंथ थांबला कीं पोटांत किंवा अंगांत कांहीं तरी बिघडलें, असें निश्चित समजावें. दांत खाणें, पाठीची कमान करून उभें राहणें, कान पाडणें, एका पायावरचा भार सारखा दुसऱ्यावर टाकणें, हीं वेदनेचीं लक्षणें होत. मानेची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होतां तशीच उभी राहिली तर अंगांतलें पाणी कमी झालें आहे. सर्वांत वाईट अवस्था बसल्या जागेवरून न उठण्याची. बैलाचें वजन एवढें असतें कीं कांहीं तास एकाच कुशीवर पडून राहिल्यास खालचे स्नायु स्वतःच्याच भारानें चेंगरून निकामी होऊं लागतात. अशा जनावराखालीं जाड गवत-पेंढा घालून त्याची कूस दर तीन-चार तासांनीं बदलावी लागते. घरांत तेवढीं माणसें नसतील, तर हेंही निर्णयाचें एक अंग आहे.

कुत्र्यांत खुणा निराळ्या. निजलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटास तीसच्या आंत असावेत; विसांव्यांतही ते सारखे अधिक येत असतील तर हृदय किंवा फुफ्फुसें तपासून घ्यावीं. रात्रभर जागा बदलीत फिरणें, बसतांना अडखळणें, बसल्या जागीं मलमूत्र होणें, आणि धन्याची चाहूल लागूनही शेपूट न हालविणें, या गोष्टी टिपून ठेवाव्या.

पण सुट्या खुणांवरून मनाचा निश्चय होत नाहीं. आज बरें वाटतें, उद्यां वाईट. यासाठीं अमेरिकेंतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनीं २००४ सालीं कुत्र्या-मांजरांकरितां एक सोपें कोष्टक प्रसिद्ध केलें. त्यांत सात कलमें आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणें-फिरणें, आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत कीं काय. प्रत्येकास शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावयाचे. दहा म्हणजे उत्तम. सत्तरपैकीं पस्तिसांहून अधिक गुण पडले तर सेवाशुश्रूषा चालूं ठेवण्यास आधार आहे असें समजतात. मात्र वेदनेच्या कलमांत श्वासाचाही समावेश आहे, आणि ज्याला श्वासच घेववत नाहीं त्याच्या बाबतींत बाकीच्या बेरजेला अर्थ नाहीं. बैलासाठीं हें कोष्टक जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. पण त्यांतली दृष्टि उपयोगी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज संध्याकाळीं चांगल्या दिवसाला एक खूण व वाईट दिवसाला दुसरी खूण करावी. पंधरा दिवसांनीं ती भिंत जें सांगेल तें मायेला किंवा कंटाळ्याला बळी पडणारें नसेल.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दुःख जनावराचें आहे कीं धन्याचें, हें वेगळें काढलें पाहिजे. कोणी मायेपोटीं तडफडणाऱ्या कुत्र्याला महिनोन्महिने तसाच ठेवतो. कोणी कडब्याच्या भावाकडे पाहून धडधाकट म्हाताऱ्या बैलाला "आतां याचे हाल होतात" असें म्हणतो. दोघेही आपलेंच मन जनावराच्या तोंडीं घालतात. वऱ्हाडांतल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दावणीचा रिकामा बैल परवडत नाहीं, हें खोटें नाहीं, आणि ती अडचण उघड बोलण्यांत कमीपणाही नाहीं. परंतु तिला दयेचें नांव देऊं नये. महाराष्ट्रांत मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. जनावर वाऱ्यावर सोडणें हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. उरतो मार्ग दारींच सांभाळण्याचा किंवा विश्वासाच्या पांजरापोळांत देण्याचा. ही संस्था आपल्याकडे जुनी आहे; मुंबईचा पांजरापोळ १८३४ सालचा आहे.

आणि यातना असह्य व उपाय खुंटलेले असले तर? १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असेंच तळमळत होतें. वैद्यकीय उपाय संपले होते, कूस बदलणेंही त्याला सोसवत नव्हतें. महात्मा गांधींनीं सहकाऱ्यांशीं विचार करून सुई टोचवून त्याचा अंत करविला. देशभर संतापाचीं पत्रें आलीं. गांधींचें म्हणणें असें कीं, रोग असाध्य असेल, सेवेनेंही दुःख हलकें होत नसेल, आणि करणाऱ्याचा कसलाही स्वार्थ नसेल, तर तें कृत्य हिंसा नव्हे. हें ज्यांना पटत नाहीं त्यांनींही त्यांतल्या अटी ध्यानांत घ्याव्या. कारण त्या अटींत धन्याच्या सोयीला कोठेंच जागा नाहीं.

असा निर्णय एकट्यानें घ्यावयाचा नसतो. १९६० च्याच कायद्याच्या १३ व्या कलमांत, जिवंत ठेवणेंच क्रूरपणाचें ठरेल अशा जनावरासाठीं न्यायालय, पोलीस अधिकारी व पशुवैद्यकीय अधिकारी यांच्या द्वारें अंत करण्याची तरतूद आहे. घरच्या जनावराविषयीं आधीं तालुक्याच्या सरकारी पशुदवाखान्यांत दाखवावें. १९६२ या क्रमांकावर फिरतें पथक बोलावतां येतें. गुंतागुंतीच्या दुखण्यास अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ आहे. कुत्र्याच्या बाबतींत पशुवैद्य प्रथम गुंगीचें औषध देतो, मग भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेंतून देतो. शुद्ध कांहीं क्षणांत जाते. डोळे मात्र उघडेच राहतात, एखादा उसासा नंतरही येतो. हें आधीं माहीत असलेलें बरें, म्हणजे घरचीं माणसें घाबरत नाहींत. त्या वेळीं ओळखीचा हात डोक्यावर असावा. असें शव उघड्यावर टाकूं नये; त्यांतलें औषध गिधाडांना, कोल्ह्यांना व गांवच्या कुत्र्यांना मारतें. विहीर-नाल्यापासून दूर खोल खड्डा घेऊन पुरावें.

बहुतेक जनावरांवर ही वेळ येतच नाहीं. कुट्टी, पाणी, कोरडी जागा, वेळेवर तासलेले खूर आणि वैद्याची एखादी खेप, एवढ्यावर थकलेला बैल आपले दिवस शांतपणें काढतो. तो उन्हाला बसून रवंथ करीत असला आणि धनी जवळ येतांच मान वळवीत असला, तर त्याचे दिवस अजून चांगले आहेत.