जुनी चासी, नवं इंजिन – लेखांक ५ : तीन अंशांचा हिशेब

गेल्या आठवड्यात नवं इंजिन माउंटिंगवर बसलं, नट कसले गेले, तिथे आपण थांबलो होतो. १९५१ची शेवरोले ३१०० पिकअप आणि तिच्या बॉनेटखाली १९९९ नंतरच्या सिल्व्हराडो ट्रकमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. ते बघायला माझ्या मिशिगनमधल्या गॅरेजात शेजारीपाजारी येऊन गेले. सगळे बॉनेटमध्ये डोकावले, ‘वा’ म्हणाले आणि गेले. फळीखाली कोणीच वाकलं नाही. आणि अशा गाडीचं खरं दुखणं तर तिथेच असतं, कारण इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवायचं काम फळीखाली चालतं.

आधी जुनी व्यवस्था काय होती ते बघू. मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, २१६ घनइंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं. ताकद नव्वद अश्वशक्तीच्या आसपास. त्यामागे तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि त्याच्यामागे एक जाड लोखंडी नळा थेट मागच्या एक्सलच्या हौसिंगपर्यंत गेलेला. प्रॉपेलर शाफ्ट या नळ्याच्या पोटात फिरतो, बाहेरून दिसतच नाही. याला टॉर्क ट्यूब म्हणतात. नळ्याचं मागचं टोक हौसिंगला पक्कं बोल्ट केलेलं आणि पुढचं गिअरबॉक्सच्या शेपटीला एका गोल बॉलमध्ये अडकवलेलं. त्या बॉलमध्ये एकच क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट.

या नळ्याला शाफ्ट झाकण्यापलीकडेही काम होतं. इंजिन चाकाला पुढे रेटतं तेव्हा एक्सल उलट्या दिशेने पीळ खातो, हौसिंगचं नाक वर उचलायला बघतं. तो पीळ हा नळा अंगावर घ्यायचा. १९५४पर्यंत अर्ध्या टनाच्या शेवरोले पिकअपमध्ये हीच पद्धत होती. १९५५ला कंपनीने स्वतःच ती सोडली आणि आपल्या एसटीखाली वाकलं की दिसतो तसा उघडा शाफ्ट आणला.

नव्या इंजिनामागच्या गिअरबॉक्सच्या शेपटीला त्या बॉलची जागाच नाही. त्यामुळे नळा गेला. नळा गेला म्हणजे त्याला जोडलेलं हौसिंगही बिनकामाचं झालं. एक बोल्ट सोडायला गेलो आणि अर्धी गाडी जमिनीवर आली, हे या लेखमालेत तुम्ही पहिल्यांदा वाचत नाही आहात.

हौसिंग बदलायचं दुसरंही एक कारण आहे आणि ते कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. मूळ टायरचा व्यास साधारण ७२ सेंटीमीटर, म्हणजे चाकाचा एक फेरा सव्वादोन मीटरचा. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७३७ फेरे घेतं. जुन्या हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीचं प्रमाण ४.११. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,०३० फेऱ्यांवर. त्या इंजिनाची पूर्ण ताकदच याहून थोड्याच जास्त फेऱ्यांना मिळायची. हायवेवर ते बिचारं सारखं जिना चढल्यासारखं धापा टाकत असे. चूक त्याची नव्हती. शेतातून बाजारापर्यंत भरल्या गाडीने जाण्यासाठी ती रचना होती.

नव्या गिअरबॉक्सला चौथा गिअर ओव्हरड्राइव्हचा, प्रमाण ०.७०. मागे ३.७३चं हौसिंग बसवलं तर त्याच वेगाला इंजिन फक्त १,९२५ फेऱ्यांवर राहतं. इकडच्या हौशी लोकांचं आवडतं हौसिंग म्हणजे १९९५ ते २००१च्या फोर्ड एक्सप्लोररखालचं. भंगारात सहज मिळतं, नव्या इंजिनाचा, जुन्याच्या जवळपास दुप्पट असलेला टॉर्क झेपवतं आणि सोबत डिस्क ब्रेक येतात. शेवरोलेखाली फोर्डचा एक्सल म्हणजे दोन भांडखोर भावकींमधली सोयरीक. तिचा एक मानपानही आहे : पुढच्या चाकांना मूळचे सहा नट, मागच्यांना पाच. पुढची हब बदलेपर्यंत एक स्टेपनी चारही चाकांना चालत नाही.

आता या लेखाचा गाभा. उघड्या शाफ्टला दोन क्रॉस लागतात, एक गिअरबॉक्सच्या मागे आणि एक पिनियनच्या पुढे. कोनात फिरणाऱ्या क्रॉसची एक खोड आहे. त्याच्यात एका गतीने फेरे घातले तरी पलीकडे ते तसेच निघत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो शाफ्टला किंचित पुढे ढकलतो आणि दोनदा मागे खेचतो. आपल्या गाडीचा शाफ्ट ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ४६ फेरे घेणार, म्हणजे सेकंदाला नव्वदच्या वर झटके. डोळ्याला काही दिसत नाही, पण सीट गुणगुणायला लागते आणि काही महिन्यांत क्रॉसची बेअरिंग खडखडतात.

यावर तोड सोपी आहे. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात ठेवायचा. मग पहिल्याने केलेली खोडी दुसरा उलटी करून फेडतो आणि पिनियनला एकसारखी गती मिळते. त्यासाठी गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर हव्यात. इंजिन मागच्या बाजूला तीन अंश खाली झुकवून बसवतात, म्हणून पिनियनचं नाक तीन अंश वर. स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेल्या एक्सलला मात्र एक सवलत द्यावी लागते. पीळ खाणारा नळा आता नाही, तो पीळ पाट्यांवर येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की नाक आणखी वर उचलतं. म्हणून उभ्या गाडीत ते अंशभर कमी ठेवायचं. मी दोन अंशांवर ठेवलं.

मग सगळं सरळ रेषेत, शून्य अंशात का नाही बसवायचं? कारण क्रॉसच्या टोपीत सुईसारखे बारीक रोलर असतात. कोन असेल तरच ते गडगडतात आणि ग्रीस फिरतं. कोनच नसेल तर ते एकाच जागी दबून राहतात आणि खाचा पाडतात. दर फेऱ्याला थोडं हललं पाहिजे, फार हलता कामा नये.

कोल्हापूरला उद्यमनगरात मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे मिस्त्री म्हणायचे, ‘‘शाफ्टचा आवाज कानाने ऐकू नकोस, बुडाने ऐक.’’ ते कोन मोजायला ओळंबा आणि कोनमापक वापरायचे. आज माझ्याकडे लोहचुंबकाने चिकटणारं डिजिटल मीटर आहे. अंशाचा दहावा भाग दाखवतं. तरी पाट्यांच्या बैठकी हौसिंगवर वेल्ड करताना मी त्यांचाच क्रम पाळला. आधी चार टाके मारायचे, गाडी चाकांवर उतरवायची, कोन बघायचा आणि मगच पूर्ण वेल्ड. तेही एका दमात नाही. या बाजूला दोन इंच, मग त्या बाजूला दोन इंच, मध्ये हात लावण्याइतकं गार होऊ द्यायचं. सलग वेल्ड मारलं की हौसिंगचा नळा केळ्यासारखा वाकतो आणि मग आतले एक्सल शाफ्ट सील खातात.

एवढं सांभाळून मी चूक केली ती फूटपट्टीची. शाफ्टची लांबी मोजली तेव्हा गाडी स्टँडवर होती आणि एक्सल लोंबकळत होता. नवा शाफ्ट बनून आला, छान बसला. गाडी जमिनीवर उतरवली, वजन आलं, पाटे सपाट झाले आणि त्यांच्याबरोबर एक्सल मागे सरकला. गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकणारा योक नको तेवढा बाहेर आला, त्याची चकचकीत दांडी बोटभर दिसायला लागली. योक पूर्ण आत ढकलून मग साधारण पंचवीस मिलिमीटर बाहेर काढला, की तीच त्याची योग्य जागा. माझा त्याच्या दुपटीने बाहेर होता. शाफ्ट पुन्हा बनवून घेतला. मोजमाप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, हे वाक्य आता भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे.

स्पीडोमीटरचाही एक गुंता सुटला. जुनं घड्याळ तारेवर चालतं, तार मैलाला हजार फेरे घेते असं धरून. नवा गिअरबॉक्स तार फिरवत नाही, विजेचे ठोके पाठवतो. मध्ये एक छोटी मोटर बसवली, ती ठोके मोजून तार फिरवते. जुनी तबकडी तशीच राहिली, काटा खरं बोलतो.

हे सगळं महाराष्ट्रात करता येईल का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला मनाई आहे. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठासून सांगितलं. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. म्हणजे आपल्याकडे जुन्या गाडीचा मान तिच्या जुनेपणाला आहे. इकडे उलट. कॅलिफोर्नियासारख्या धुराबाबत कडक राज्यातही १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला नियमित स्मॉग तपासणी माफ आहे. म्हणून हा छंद इथे रुजला.

परवा पहाटे रिकाम्या रस्त्यावर पिकअप काढली. ताशी ८० किलोमीटरला एक बारीक थरथर आली आणि ९०ला गेली. परत आलो, फळीखाली झोपलो, मीटर चिकटवलं. पिनियन ३.४ अंश. वेल्डनंतर हौसिंग थोडं फिरलं होतं. पाट्याखाली दीड अंशाची पितळी पाचर घातली आणि पुन्हा निघालो. १००ला काटा स्थिर. मिस्त्रींचा सल्ला आठवून बुडाने ऐकलं. काही ऐकू आलं नाही.

समोर सिग्नल लाल झाला तेव्हा मात्र घाम फुटला. मागे डिस्क आले असले तरी पुढे अजून १९५१चे ड्रम आहेत आणि फळीखाली एकाच लाइनचा मास्टर सिलिंडर. गाडी आता पळते. पुढच्या आठवड्यात ती थांबवू.