चंदनाची ठेव

लग्नमांडवाच्या दारात उभी राहून पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावणारी करवली आता चिपळुणात क्वचितच दिसते. मांडवाची जागा हॉलने घेतली, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी कपाटात गेल्या. घरातले बुजुर्ग मात्र दिवाळीच्या पहाटे अजून कानात फाया खोचतात. नातवंडं हसतात, हसोत बापडी. त्यांच्या अंगावरचा फवारा फराळ संपायच्या आत उडालेला असतो आणि आजोबांचा फाया संध्याकाळपर्यंत दरवळत राहतो.

यातली मेख फुलात नाही, तेलात आहे.

उत्तर प्रदेशातल्या कनौजचे कारागीर आजही तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली लाकडांचा, शेणींचा मंद जाळ ठेवतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरते. या भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, तिचा सुगंध तेल पिऊन घेतं. साचलेलं पाणी काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुलं. असं कित्येक दिवस. भपका किती तापला हे कारागीर हात लावून ओळखतो. जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, मला यात मुदत ठेवच दिसते. चंदन हे मुद्दल आणि फुलांचं व्याज त्यात रोज जमा.

गोची झाली ती मुद्दलाची. टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्ष ठरवलं. पुढे कितीतरी काळ झाड तुमच्या परसात असलं तरी मालकी सरकारची. आपल्याला न मिळणारं झाड कोण लावणार? कर्नाटकाने हा कायदा २००१ साली बदलला, पण तोवर तोड आणि चोरी यांनी रानातली चंदनं विरळ झाली होती. गाभ्यात तेल धरायला झाडाला काही दशकं लागतात. भाव चढले आणि बऱ्याच भपक्यांत चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन आलं. कुपीवरची नावं तीच, गुलाब आणि हिना. पॅराफिन स्वस्त खरं, पण फुलाला धरून ठेवण्याची चंदनाची माया त्याला कुठली?

आपल्या कोकणातून या धंद्याला फूल जातं. वेंगुर्ल्याकडे आरवली-आसोलीच्या परिसरात उन्हाळ्याच्या तोंडावर सुरंगी फुलते. फांद्यांना बिलगून आलेल्या कळ्या झाडावर चढून काढाव्या लागतात. ताज्या कळ्यांचे वळेसर होतात, वाळलेल्या सुगंधी द्रव्यांसाठी व्यापाऱ्याकडे जातात. केवड्याचं नशीब निराळं. ओडिशात गंजामकडे त्याच्या कणसांवर भट्ट्या चालतात. आमच्या खाडीकाठी मात्र तो गणपतीच्या परडीपुरता, एरवी वाटेतलं काटेरी झुडूप.

अत्तर घ्यायचं झालं तर एक थेंब मनगटाला लावा आणि दुकानातून सरळ बाहेर पडा. भाजी घ्या, चहा प्या. दोन तासांनी पुन्हा हुंगा. फूल ओसरल्यावर खाली चंदन लागलं, तर खुशाल परत जाऊन कुपी घ्या. जातिवंत अत्तरवाला अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही; उलट बसायला स्टूल पुढे करतो.