सुई नाही, तरी पडदा चमकतो

वयोमानाने मॅक्युला (दृष्टिपटलाचा मधला, बारकावे टिपणारा भाग) झिजू लागला की काही रुग्णांना ऑटोफ्लुओरेसन्स तपासणी सुचवली जाते. तीत हाताच्या शिरेतून रंगद्रव्य टोचतात, असा अनेकांचा समज असतो. तसे फ्लुओरेसिन अँजिओग्राफीत करतात. इथे सुई नसते.

बँकेत अतिनील दिव्याखाली नोटेतले तंतू उजळतात, तसे सुमारे ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात पडद्यामागच्या पेशींतले लायपोफ्युसिन (वयानुसार साठणारा पेशींचा कचरा) चमकते. कॅमेरा ती चमक कृष्णधवल चित्रात टिपतो.

मात्र जास्त उजळ म्हणजे जास्त निरोगी, असे नाही. शुष्क प्रकारच्या झिजेत ठळक कडांचा काळा डाग पेशी नष्ट झाल्याचे सांगतो; त्याभोवतीची उजळ कड अनेकदा तिथल्या पेशी अडचणीत असल्याची खूण असते. निरोगी डोळ्यातही अगदी मधला भाग थोडा गडद दिसतो, कारण तिथले पिवळे रंगद्रव्य निळा प्रकाश शोषते. डागाचे क्षेत्रफळ ठरावीक काळाने मोजले, की झीज किती वेगाने पसरते ते डॉक्टरांना कळते.