वाचवणाऱ्यांच्या मनाला आधार कोणाचा?

मगरिबची अजान होते, घराघरांत खजूर आणि पाणी पुढे येते. नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सायरन वाजवत जाते. तिच्या चालकाचा रोजा असेल तर पाण्याचा एक घोट घेऊन तो पुन्हा स्टिअरिंग धरतो. दिवाळीच्या रात्री आगी विझवणाऱ्या जवानांचेही तसेच. सण आपला, ड्युटी त्यांची. अपघात, जळीत, बुडालेले मूल असे सगळे पाहून ही माणसे घरी येतात. घरच्यांनी विचारले तर म्हणतात, "काही नाही, नेहमीचेच."

या 'काही नाही'मागे काय दडलेले असते, हे आतून ओळखणारा एक माणूस अमेरिकेत होता. जेफ्री मिचेल हे मेरीलँड राज्यात अग्निशामक आणि पॅरामेडिक म्हणून काम करत. पुढे त्यांनी डॉक्टरेट मिळवली, विद्यापीठात शिकवले आणि आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या मनाचा विचार हे आयुष्याचे काम केले. 1983 मध्ये त्यांनी एक पद्धत मांडली. मोठी दुर्घटना हाताळलेल्या तुकडीला दोन-तीन दिवसांच्या आत एकत्र बसवायचे आणि सात टप्प्यांत बोलते करायचे. काय घडले, मनात काय आले, सर्वांत कठीण काय वाटले, आता शरीर काय सांगते आहे, अशा क्रमाने. सोबत मानसोपचार जाणणारी व्यक्ती असे आणि त्याच पेशातला एक प्रशिक्षित सहकारीही असे.

मिचेल यांचे म्हणणे साधे होते. आगीत शिरणारा माणूस परक्यापुढे मन उघडत नाही. ज्याने तो धूर स्वतः गिळला आहे, त्याच्याशी तो बोलतो. 1989 मध्ये त्यांनी जॉर्ज एव्हर्ली यांच्यासोबत याच कामासाठी संस्था उभारली आणि ही पद्धत अनेक देशांत पोहोचली.

पण चांगल्या हेतूलाही कसोटी द्यावी लागते. अपघातग्रस्तांना एकदाच बसवून सगळे बोलायला लावले, तर पुढचा मानसिक आघात टळतो का, याचा आढावा संशोधकांनी घेतला. 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात उत्तर आले, टळत नाही. एका अभ्यासात तर काहींचा त्रास वाढलेला दिसला. आमची पद्धत एकट्या रुग्णासाठी नव्हतीच, ती एकत्र काम करणाऱ्या तुकडीसाठी आहे, अशी मिचेल यांच्या बाजूची भूमिका. हा वाद बरीच वर्षे चालला.

त्यातून जगाने एक धडा घेतला. दुखावलेल्याला बोलायला भाग पाडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये 'मानसिक प्रथमोपचारा'ची मार्गदर्शिका काढली. तिचे सूत्र तीन शब्दांचे आहे: पाहा, ऐका, जोडा. गरज काय ते पाहा, तो बोलेल तेवढे ऐका, आणि पुढच्या मदतीशी त्याला जोडून द्या.

म्हणून सायरनच्या गाडीतून उतरून समुपदेशनाकडे वळणाऱ्याला अनुभव उपयोगी पडतो, पण पुरत नाही. अनुभवामुळे दार उघडते. आत गेल्यावर काय करायचे आणि कुठे थांबायचे, हे शिकावेच लागते.

आपल्याकडे 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. 1944 मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले 66 जवान मृत्युमुखी पडले. त्या दिवशी आपण हुतात्म्यांना मानवंदना देतो, ते योग्यच. पण जे परत येतात, त्यांनाही आधार लागतो. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येते.

आपल्या गल्लीतही कोणी रुग्णवाहिका चालवत असेल, कोणी अग्निशमन दलात असेल. तो झोपेतून दचकून उठतो का, चिडचिडा झाला आहे का, माणसांत बसायचे टाळतो का, याकडे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी लक्ष द्यावे. त्याला खोदून विचारू नका. चहाचा किंवा इफ्तारीचा एक घास त्याच्यासाठी राखून ठेवा आणि शेजारी बसा. बोलला तर ऐका. त्रास आठवडे उलटूनही कमी होत नसेल, तर तो नंबर त्याच्या हाती द्या, किंवा त्याच्यासोबत तुम्हीच फोन लावा.