कान उघडे, डोळेही उघडे

तुंगार्लीत जुलै महिन्यात विलंबित ख्याल ऐकायचा तर आधी पावसाची परवानगी घ्यावी लागते. लोणावळ्याच्या या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. बाल्कनीवरचे पत्रे वाजू लागले की आलापातली हळुवार मींड त्याखाली गडप होते. मुंबई-पुण्याच्या गोंगाटाला कंटाळून इथल्या बंगल्यात भारी स्पीकर आणून बसवणाऱ्या हौशी माणसाला मग कळतं, की माहितीपत्रकात छापलेली ‘निःशब्द पार्श्वभूमी’ चार महिने तरी कागदावरच राहणार. रेकॉर्डच्या कव्हरांना बुरशी धरते ती वेगळीच.

पाऊस निदान कळतो तरी. खोलीची ढवळाढवळ अनेकांना वर्षानुवर्षं कळत नाही. बारा फूट रुंदीच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 94 हर्ट्झच्या आसपासचे आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतात. डग्ग्याचा घुमारा याच टापूतला. म्हणून खुर्ची दोन फूट सरकवली की डग्गा कुठे फुगतो, कुठे हरवतो. त्यात चकचकीत फरशी, मोठ्या काचा आणि रिकाम्या भिंती असा बंगल्याचा थाट असेल तर गाण्यातले शब्दही एकमेकांत मिसळतात. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांनी जो फरक पडतो, तो महागड्या केबलने पडत नाही. तरीही माणूस केबलच विकत घेतो. सतरंजी घरात असतेच, आणि ती बघायला मित्र येत नाहीत.

या हौसेतली खरी गंमत इथे सुरू होते. 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी 40 जणांना चार स्पीकर ऐकवले: एकदा पडद्याआड, एकदा उघड. पडद्याआडून ऐकताना लहानशा, स्वस्त स्पीकरला बरे गुण मिळाले होते. तो डोळ्यांना दिसताच त्याचे गुण घसरले. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज बदलतो, हेही पडद्याआडून ऐकताना लोकांच्या ध्यानात येत होतं; उघड्या डोळ्यांनी ऐकताना त्याकडे जवळपास दुर्लक्ष झालं. ऐकणारे सगळेच नवखे नव्हते. ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या कंपनीतलीच माणसं होती ती.

2007 साली अमेरिकेतल्या मेयर आणि मोरान यांनी असाच प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीपेक्षा सरस मानलेलं ध्वनिमुद्रण आणि त्याचंच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं रूप, यांतलं कोणतं वाजतंय ते ओळखायचं होतं. 554 वेळा विचारलं, 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

2022 मध्ये तर मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीबाबत उघड झालं, की तिच्या ज्या तबकड्या थेट मूळ टेपवरून बनतात असं रसिक समजत होते, त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत 2011 पासून एक डिजिटल पायरी होती. ‘डिजिटल लगेच ओळखू येतं’ म्हणणाऱ्यांनीच त्या तबकड्यांची तारीफ केली होती. काहींनी हसून मान्य केलं, काही चिडले. कोण हसलं आणि कोण चिडलं, यावरून कानांची परीक्षा होत नाही, पण स्वभाव बराच कळतो.

वय हा आणखी एक अवघड विषय. तरुणपणी सुमारे 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पन्नाशी उलटल्यावर बहुतेकांना 12 ते 14 हजारांपलीकडचं फारसं ऐकू येत नाही. उत्तम यंत्रणा परवडू लागते तीही साधारण याच वयात!

दुसऱ्या टोकाला जुन्या तबकड्या जमवणारे आहेत. 1990 साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं, आणि सुई खरखरते. या मंडळींचं त्याने काही अडत नाही. गवय्या सापडला की झालं. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेली गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही अशीच साडेतीन मिनिटांची आहे. ती निवडताना स्टिरिओचा विचार कुणी केला नाही.

यावरून यंत्रांची हौस खोटी ठरत नाही. चांगल्या स्पीकरवर तानपुऱ्याची जवार खरोखर उलगडते, आणि सुट्या भागांशी खेळण्यात स्वतंत्र आनंद आहे. फक्त आपण गाण्यासाठी पैसे मोजतोय, यंत्रासाठी की चारचौघांतल्या मानासाठी, हे ज्याचं त्याला ठाऊक असावं. तिन्ही कारणं चालतील. एकाच्या नावावर दुसरं खपवलं की खिशाला भोक पडतं.

ते तपासायचा उपाय फुकट आहे. नवी केबल घेण्याआधी ती चार दिवस उसनी आणावी. जुनी आणि नवी, दोन्हींचा आवाज मोजून अगदी समान ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून, आपल्याला न दिसता, केबल बदलायला सांगावी आणि सोळा वेळा ओळखून पाहावं. नुसत्या नशिबाने बारा किंवा अधिक उत्तरं बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारएवढीच असते. बारा आली तर केबल खुशाल घ्यावी. नाही आली, तर ती परत करावी आणि त्या पैशांतून डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाची तिकिटं काढावीत; लोणावळ्याहून पुण्याला लोकल जातेच.